माजुलीचा गरुड पुण्यात आणताना

माजुलीहून आणलेला गरुडाचा मुखवटा आमच्या बैठकीत टांगला, त्याला आता चार महिने झाले, तरी जोरहाटच्या एका पार्सल कार्यालयात त्याच्यापायी गेलेले दोन दिवस मी विसरू शकलेले नाही. तिकडे जाऊन काही विकत घेणाऱ्या दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

माजुली हे आसाममधले, ब्रह्मपुत्रेतले बेट. जोरहाटजवळच्या निमातीघाटावरून फेरीबोटीने कमलाबारीला उतरले, की पुढे सामागुरी सत्रापर्यंत रिक्षा मिळते. सत्र म्हणजे वैष्णव मठ. श्रीमंत शंकरदेवांनी रुजवलेल्या भाओना या नाट्यप्रकारासाठी लागणारे मुखवटे सामागुरीत पिढ्यानपिढ्या घडवले जातात. तिथले मुखवटा-कारागीर हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन लाभले. जव्हारच्या बोहाडा या मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवातले मुखवटे मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्यामुळे हे काम जवळून पाहण्याची मला फार ओढ होती.

आम्ही गेलो तेव्हा ओसरीत एक तरुण कारागीर रावणाचा चेहरा घडवत होता. बांबूच्या बारीक कामट्यांची षट्कोनी जाळी विणून केलेला सांगाडा, त्यावर चिखलात भिजवून चढवलेले सुती कापड, आणि ते वाळल्यावर शेण-मातीच्या मिश्रणाने उठवलेल्या भुवया आणि नाक. बांबूच्या चपट्या पट्टीने तो गालाचा उंचवटा इतक्या हळुवारपणे घासत होता, की आम्ही बराच वेळ काही न बोलता पाहत राहिलो. नुसत्या चेहऱ्याचा तो ‘मुख मुखा’, आणि डोक्यापासून धडापर्यंत झाकणारा तो ‘बर मुखा’. मी मधल्या आकाराचा, लांब चोचीचा गरुड घेतला. वजन जेमतेम एक किलो.

शेवटची बोट चुकेल या धास्तीने मी पैसे दिले, कागदावर लिहून मिळालेली कच्ची पावती पर्समध्ये टाकली आणि निघाले. त्यांच्याकडे छापील पावतीपुस्तक होते, पण मी ते मागितले नाही. पुढचे सारे इथूनच सुरू झाले.

चोचीमुळे मुखवटा विमानातल्या हातसामानात मावणार नव्हता आणि खालच्या सामानात टाकायला जीव धजत नव्हता, म्हणून आम्ही तो पार्सलने पाठवायचे ठरवले. कार्यालयात अर्ज भरताना ‘वस्तू कशाची आहे’ या रकान्यात मी प्रामाणिकपणे बांबू, कापड, माती आणि शेण असे लिहिले. शेण हा शब्द वाचताच कारकुनाने अर्ज परत सरकवला. ते वाळलेले आहे, वर रंग आहे, त्याला वासही नाही, हे मी तीन वेळा सांगितले. तासाभराने वरिष्ठ आले, त्यांनी ‘बांबू-कापडाची हस्तकला’ असे लिहायला सांगितले आणि तो प्रश्न मिटला. मग पावतीचा निघाला. कच्ची पावती चालणार नाही, पक्के बिल हवे, मोबाइलवरचा फोटोही चालणार नाही, मूळ कागदच पाहिजे. तोवर दुपारचे साडेतीन वाजले होते आणि परत बेटावर जाऊन येणे शक्य नव्हते. मी सत्रात फोन केला. ओसरीत भेटलेल्या त्या तरुण कारागिराने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने जोरहाटला येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती त्याने सहीशिक्क्यासह बिल धाडले. त्या अनोळखी माणसाने ते निमातीघाटावर माझ्या हातात दिले आणि चहालाही न थांबता तो निघून गेला. त्याचे उपकार माझ्यावर कायमचे आहेत.

बिल घेऊन कार्यालयात पोहोचले, तर पाठवणावळ ऐकून मी थक्क झाले. एक किलोच्या वस्तूचे १२.६ किलोचे पैसे! हलक्या पण मोठ्या पार्सलला व्हॉल्युमेट्रिक वजन लावतात, म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात. आमचे खोके ४५ × ४० × ३५ होते. आदल्या दिवशी हे कोणीही सांगितले नव्हते, याचा मला आजही राग येतो. आम्ही तिथेच फरशीवर बसलो, खोके कापून ४० × ३२ × २५ चे केले, चोच कोपऱ्याकडे तिरपी बसवली आणि पोकळीत माजुलीतल्या मिसिंग जमातीच्या बायकांनी हातमागावर विणलेली दोन वस्त्रे भरली. हिशेब ६.४ किलोवर आला. कोणत्याही मुखवट्यासाठी खोके निवडण्याआधी हा गुणाकार घरीच करावा.

हो, माजुलीतल्याच सालमोरा गावची मडकी घ्यायची असतील तर तीही अशीच आधी मोजून घ्यावीत. तिथल्या बायका चाकाशिवाय, नुसत्या हातांनी ती घडवतात आणि त्यांच्या कडा फार नाजूक असतात. आम्ही एक लहान मडके मांडीवर ठेवून आणले. रोख पैसेही जवळ बाळगावेत, कारण बेटावर मोबाइलची रेंज ऐनवेळी जाते. आणि दोन दिवस हाताशी असतील, तर खरेदी पहिल्याच दिवशी उरकावी.

पार्सल अकराव्या दिवशी पुण्याला आले. चोचीच्या टोकाला बारीक तडा गेला होता. मी सत्रात फोन केला, तेव्हा त्या कारागिराने कापडाची चिंधी मातीत भिजवून चिकटवायला आणि सावलीत वाळवायला सांगितले. गणपतीच्या वेळची शाडूची माती घरात उरली होती, तीच वापरली. आता तडा कुठे होता, हे बोट फिरवल्यावरच कळते.