बेळगावला जाऊन विमान धरणाऱ्यांची युक्ती

१० नोव्हेंबरची दुपार. इथे जर्मनीतल्या आखेनमध्ये सव्वा वाजला होता आणि घरातले सगळे दिवे लागलेले होते. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोबाईलवर किरणोत्सव बघत होती. कोल्हापुरात पावणेसहा झालेले, मावळतीची किरणं देवळात आत आत सरकत होती. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या पायांपासून मुखापर्यंत चढत जाणारं ते ऊन आईनं आजवर गर्दीत उभं राहून पाहिलेलं. आरती झाल्यावर तिनं हात जोडले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "इथला सूर्य कुठं गेलाय रे? दहा दिवस झाले."

तिचं खरं होतं. आई-आप्पा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आले तेव्हा झाडं पिवळी-लाल होती, दोघं खूश होते. नोव्हेंबर लागला आणि आभाळ खाली उतरलं ते उतरलंच. सकाळी पावणेआठपर्यंत अंधार, संध्याकाळी पावणेपाचला पुन्हा अंधार, मधल्या वेळात राखाडी. रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर मारणारे आप्पा जाकीट चढवून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. आईचे गुडघे धरले. धुतलेलं लुगडं तीन दिवस वाळेना. ज्यांना आयुष्यात कधी उन्हाची वाट बघावी लागली नाही, त्यांना मी इथे आणून ह्या अंधारात बसवलंय, ही टोचणी मला लागून राहिली. त्याच रात्री मी विमानं बघायला बसलो.

युरोपातली माणसं हिवाळ्यात ऊन शोधत कॅनरी बेटांवर जातात. बेटं स्पेनची, पण नकाशात बघाल तर आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत. फुएर्तेव्हेंतुरा हे बेट तर आफ्रिकेपासून जेमतेम १०० किलोमीटरवर आहे. जर्मनीहून थेट विमानाला साधारण साडेचार तास. नोव्हेंबरातसुद्धा दिवसा २३-२४ अंश.

पहिला प्रश्न पैशांचा नव्हता, व्हिसाचा होता. इकडे आई-वडलांना आणणाऱ्या प्रत्येकानं हे नीट समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितो. आई-आप्पांचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, ९० दिवसांचा, एकदाच प्रवेशाचा. कॅनरी बेटं आफ्रिकेजवळ असली तरी शेंगेनमध्येच मोडतात. त्यामुळे जर्मनीतून तिथे जाऊन परत येणं म्हणजे व्हिसाच्या हिशेबात देशाबाहेर पडणं नव्हेच. पण स्वस्त पडतं म्हणून कुणी लंडनमार्गे किंवा मोरोक्कोमार्गे तिकीट काढलं, तर शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो. परतीच्या विमानात कुणी बसू देणार नाही. शोधताना 'फक्त थेट विमानं' ही खूण मी सगळ्यात आधी केली, ती ह्यासाठी.

आता विमानतळ. आखेन हे गाव जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम ह्या तीन देशांच्या सीमांवर वसलेलं आहे. इथल्या लोकांना विमान धरायला जर्मनीतली क्योल्न-बॉन आणि ड्युसेलडॉर्फ, नेदरलँड्समधलं आइंडहोव्हन, बेल्जियममधलं शार्लरुआ असे चार-पाच पर्याय आहेत. हे ऐकून आप्पा लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की." खरंच तसंच आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून हव्या त्या गावाला विमान नसेल तर आपण बेळगावचं सांबरा बघतो, ते महाग असलं तर पुण्याचं लोहगाव, नाहीतर गोव्याचं दाभोळी, आणि आता मोपा. आखेन ते आइंडहोव्हन अंतरही साधारण कोल्हापूर-बेळगावएवढंच, शंभर-सव्वाशे किलोमीटर. कोल्हापूरच्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. इथे आल्यावर मीच तो विसरलो होतो आणि सहा वर्षं जवळचा विमानतळ म्हणून क्योल्नचीच तिकिटं काढत होतो.

विमानतळ बदलण्यामागे अंतरापेक्षा मोठं कारण आहे ते शाळांच्या सुट्ट्यांचं. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या शाळांच्या सुट्ट्या वेगळ्या असतात. आमच्या नॉर्थ राइन-वेस्टफालियाला सुट्टी लागली की क्योल्न आणि ड्युसेलडॉर्फची तिकिटं चढतात, आणि त्याच दिवशी शेजारच्या देशातून तेच बेट निम्म्यात मिळू शकतं. म्हणून मी तारखा बघण्याआधी सुट्ट्यांचं कॅलेंडर बघतो. ऑक्टोबरच्या शरद-सुट्ट्या संपल्यावर नाताळच्या सुट्ट्या लागेपर्यंतचा काळ इथे सुस्त असतो. ६ जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडेही तसेच. शाळेत जाणारं मूल घरात नसेल तर ह्याच दिवसांत निघावं.

गूगल फ्लाइट्सवर आणि स्कायस्कॅनरवर एका दिवसाचा भाव बघण्याऐवजी सगळा महिना एकदम उघडता येतो. तसा उघडला की चित्र स्पष्ट होतं: शनिवार-रविवार महाग, मंगळवार-बुधवार स्वस्त. क्योल्नहून शनिवारी माणशी १४९ युरो जायचे आणि १३५ यायचे. आइंडहोव्हनहून नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी ४७, पुढच्या मंगळवारी परत यायला ५२. शार्लरुआहून तर २९ दिसत होते, पण ते विमान पहाटे सहाचं. म्हणजे मध्यरात्री घर सोडायचं, नाहीतर आदल्या रात्री हॉटेल. आप्पांच्या वयाला ते झेपलं नसतं, आणि हॉटेलचे पैसे घातले की स्वस्ताई उरत नव्हती. ते मी लगेच सोडून दिलं.

४७ युरो म्हणजे साधारण पावणेपाच हजार रुपये. आप्पांनी दोनदा विचारलं. "साडेचार तास विमान आणि पाच हजार? मग ह्यांचं भागतंय कसं?" भागतं ते बाकीच्या गोष्टींवर. ४७ युरोंत मिळते ती एक जागा, आणि समोरच्या सीटखाली मावेल एवढी पाठीवरची पिशवी. माप कंपनीगणिक थोडं बदलतं, साधारण ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर. वरच्या कप्प्यातल्या बॅगेचे वेगळे पैसे. विमानाच्या पोटात टाकायच्या बॅगेचे वेगळे. शेजारी-शेजारी बसायचं असेल तर सीटचे वेगळे. आमचा सगळा हिशेब असा झाला: चौघांची दोन्ही वेळची तिकिटं ३९६ युरो, २० किलोची एक सामाईक बॅग जाऊन-येऊन ७६, आई-आप्पांना जोडून बसता यावं म्हणून ३६, आठ दिवसांचं पार्किंग ६४, पेट्रोल ३०. एकूण ६०२. क्योल्नहून नुसती तिकिटंच ११३६ झाली असती. तिकीट स्वस्त की महाग हे मी आता घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतच्या आकड्यावर ठरवतो, पडद्यावर दिसतो त्या आकड्यावर नाही.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. सगळ्यात स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार माणसं टाकून शोधलं, तर बऱ्याचदा चौघांनाही वरच्या गटाचा भाव दिसतो. म्हणून आधी एका माणसाचा भाव बघावा, मग चौघांचा. फरक आला तर दोन-दोनची तिकिटं काढावीत. आणि शोधायचं कुठेही, पण पैसे शक्यतो थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर भरावेत. विमान रद्द झालं की मधल्या दलालाच्या आणि कंपनीच्या मध्ये आपण लोंबकळत राहतो.

दोन वर्षांपूर्वी मी एक चूक केली होती, तीही सांगतो. बहीण इकडे आली होती. तिचं तिकीट मी घरातल्या नावानं आणि माहेरच्या आडनावानं काढलं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं नाव. स्वस्त तिकिटावर नाव बदलायचे पैसे तिकिटापेक्षा जास्त पडले. त्यात भर म्हणजे, ऑनलाइन चेक-इन करायचं राहिलं म्हणून काउंटरवर वेगळा दंड. बहीण काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला होता, आणि तो माझ्या लक्षात राहिला. ह्यावेळी दोघांचे पासपोर्ट समोर उघडून एकेक अक्षर लावून नाव भरलं. काही कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना काउंटरवर कागदपत्रं दाखवून यायला सांगतात. त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.

आणि खाण्याचं. आईनं भडंग, चिवडा, शेंगदाण्याच्या पोळ्या बांधल्या. ते सगळं हातातल्या पिशवीत चालतं. कांदा-लसणीची कोरडी चटणीही चालते. पण लोणचं, ठेचा, तूप ह्यांची गणना द्रवात होते. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. ठेच्याची बरणी मी आईला मोठ्या बॅगेत घालायला लावली.

विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल, तर युरोपीय कायद्यानं भरपाई मागता येते. जर्मनी किंवा नेदरलँड्स ते कॅनरी ह्या टप्प्याला ती माणशी ४०० युरो बसते, तिकीट ४७ चं असलं तरी. आमचं विमान वेळेवर उतरलं.

आम्ही कॅनरी बेटांपैकी तेनेरीफेला गेलो. ह्या बेटावर दोन विमानतळ आहेत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. पर्यटकांची बहुतेक स्वस्त विमानं दक्षिणेला उतरतात. मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न मी गगनबावडा आणि शिरोळ डोळ्यांपुढे आणून सोडवला. आपल्याकडे पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीला अडतात, गगनबावड्याला कोसळतात आणि शिरोळपर्यंत पोचताना कोरडे होतात. तेनेरीफेत वारे ईशान्येकडून येतात आणि मधला तेइदे डोंगर त्यांना अडवतो. त्यामुळे उत्तरेची बाजू हिरवी, केळीच्या बागांची, पण ढगाळ. दक्षिण कोरडी आणि लख्ख. मला हिरवळ नको होती, ऊन हवं होतं. म्हणून दक्षिणेला लोस क्रिस्तियानोसमध्ये खोली घेतली. उत्तरेकडे खोल्या स्वस्त दिसत होत्या, पण ज्यासाठी निघालो तेच तिथे मिळण्याची खात्री नव्हती. विमानतळावरून गावात बसनं गेलो. तिथे बसला 'ग्वाग्वा' म्हणतात, आणि आईला तो शब्द इतका आवडला की ती अजूनही तोच वापरते.

पहिल्या दिवशी सकाळी उठलो तर दोघं खोलीत नाहीत. खाली समुद्राकाठच्या बाकावर बसले होते. आप्पांनी स्वेटर काढून मांडीवर ठेवला होता, आईनं पाय उन्हात पसरले होते. कुणी काही बोलत नव्हतं. मी लांबूनच बघून परत वर आलो.

तेइदे ३,७०० मीटरहून उंच आहे, स्पेनमधला सगळ्यात उंच डोंगर, आणि तो ज्वालामुखी आहे. रोप-वे ३,५५५ मीटरपर्यंत नेतो. हवा विरळ होते म्हणून आई-आप्पांना मी वर नेलं नाही. खालचं स्थानकसुद्धा २,३५६ मीटरवर आहे आणि तिथवर रस्ता जातो. वाटेत आम्ही ढगांतून वर निघालो आणि ढग पायाखाली पसरले. आई म्हणाली, "आखेनला असंच असेल बघ. वर सूर्य असेलच, आपण खाली राहतोय एवढंच."

जेवणात आम्हांला घर सापडलं. बारके बटाटे सालासकट भरपूर मिठाच्या पाण्यात उकडतात, पाणी आटून सालीवर मीठ पांढरं धरतं. सोबत दोन वाट्या, एकीत लाल 'मोहो', दुसरीत हिरवा. लाल मिरची, लसूण, जिरं, तेल, व्हिनेगर. तांबड्या-पांढऱ्याची सवय असलेल्या आप्पांनी दोन्ही वाट्या जवळ ओढल्या. दुकानात 'गोफियो' नावाचं पीठ मिळतं, भाजलेल्या गव्हाचं किंवा मक्याचं. बेटावरचे मूळचे लोक स्पॅनिश माणसं येण्याआधीपासून भाजलेल्या धान्याचं असं पीठ खायचे. आईनं चिमूटभर तोंडात टाकलं. "सातूचं पीठ आहे हे," ती म्हणाली, आणि दोन पुडे घेतले.

घरी बसून हे वाचणाऱ्या कोल्हापूरकरांनी मला मालदीवबद्दल बऱ्याचदा विचारलंय. तिथे भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो, त्यामुळे मालेचं स्वस्त तिकीट दिसलं की लोक भराभर काढतात. पण मालेचा विमानतळ स्वतःच एका बेटावर आहे. तिथून तुमच्या रिसॉर्टच्या बेटावर जायला स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारं विमान लागतं, आणि त्याचं भाडं मुख्य तिकिटाला गाठू शकतं. पाण्यावरची विमानं अंधारात उडत नाहीत. संध्याकाळी उशिरा उतरणारं स्वस्त तिकीट घेतलंत तर एक रात्र मालेत काढावी लागेल. त्यापेक्षा माफुशीसारख्या, जिथे स्थानिक लोक राहतात अशा बेटावर गेस्ट हाऊस घ्यावं. तिथे सार्वजनिक फेरी बोट जाते. आणि कोल्हापूर-मुंबई एका तिकिटावर, मुंबई-माले दुसऱ्या तिकिटावर असेल, तर पहिल्याला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही की पैसे देत नाही. आई-आप्पा इकडे येताना म्हणूनच आदल्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन राहिले होते.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी आम्ही परतलो. आइंडहोव्हनला पाऊस होता. आईनं दुसऱ्या दिवशी गोफियोचे लाडू वळले, तूप-गूळ घालून. एक पुडा तिनं फोडला नाही. तो तिला किरणोत्सवाच्या वेळी देवळात भेटणाऱ्या मैत्रिणींना दाखवायचा होता. ३१ जानेवारीला पुन्हा किरणं येतात, तोवर आपण कोल्हापुरात पोचलेलो असू, असं ती म्हणाली.