तुम्ही विचारलंत म्हणून: सल्लाच द्यायचा, तर कोर्स कशाला?

समुपदेशनाचा कोर्स केला तेव्हापासून लग्नात, बाजारात, एसटीत, कुठंही कुणी भेटलं की विचारतं, ताई, सल्ला तर आम्ही पण देतो, त्यासाठी फी भरून शिकायचं काय असतं? स्टाफरूममधले सर पण विचारतात, फक्त ते हसून विचारतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, त्या कोर्समधला बराच वेळ सल्ला न देण्याची प्रॅक्टिस करण्यातच जातो.

तिघांचा गट करतात, एक बोलणार, दुसरा ऐकणार, तिसरा नुसतं बघून लिहून घेणार. ऐकणाऱ्याने "टेन्शन नको घेऊ", "माझ्या मावसभावाचं पण सेम झालेलं" असलं काही म्हणायचं नाही. आपल्या खान्देशात हे महाकठीण हो, इथं पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी सल्ला मिळतो, कपाशीवर काय फवारायचं इथपासून ते पोरगी कुठं द्यायची इथपर्यंत.

आता मार्गदर्शन आणि समुपदेशन हे लोक एकाच दमात म्हणतात, पण दोन्हीत फरक आहे. मार्गदर्शनात माहिती लागते. अमेरिकेत फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने १९०८ साली बोस्टनमध्ये पोरांना नोकरीधंदा निवडायला मदत करणारं ऑफिस काढलं, त्याचं म्हणणं साधं होतं, आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, मग दोन्हीचा मेळ बसतो का ते बघा. आपल्याकडे दहावीनंतर पहिली पायरी गाळून डायरेक्ट शेजारच्याचे मार्क बघतात, ते सोडा. समुपदेशनात मात्र माहितीच्या आधी माणूस येतो. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या तीन गोष्टी आम्हाला घोटून घोटून शिकवल्या: समोरच्याच्या जागेवरून बघा, त्याला अटी न घालता स्वीकारा, आणि स्वतः खोटं वागू नका. परीक्षेत लिहायला सोप्पं आहे.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. अमळनेरकडचा दहावीचा पोरगा, सोबत वडील. मी पोराला विचारलं की उत्तर वडील देणार, "त्याला सायन्सच घ्यायचंय, नीटचा क्लास लावायचाय". शेवटी म्हटलं, भाऊ, तुम्ही जरा चहा घेऊन या. ते गेले तरी पोरगं खाली बघूनच बसलेलं. मी पुस्तकातलं शुद्ध मराठी झाडत होते ना! मग म्हटलं, "काय व्हयनं भो, तुले काय वाटस?" त्यानं चटकन वर बघितलं, "मॅडम, तुमले बी अहिराणी येस?" आणि मग जे सुरू झालं त्यात सायन्सची भीती नव्हतीच, घरचा कापूस विकून फी भरणार आणि मला नाही जमलं तर बापाला काय तोंड दाखवू, हे होतं. मी एवढंच म्हटलं की म्हणजे अभ्यासापेक्षा त्या पैशाचंच ओझं जास्त वाटतंय. तो "हा" म्हणाला आणि अजून बराच वेळ बोलला. त्यानंतर मी माहिती काढली, की दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे, त्यावरून इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आयटीआयला इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा आहे. हीच यादी आल्या आल्या वाचली असती तर त्याच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नसतं.

त्यानं पुढे काय घेतलं ते लिहिणार नाही, ती त्याची गोष्ट. गुप्तता हा पण बेसिकच धडा आहे, आणि तिला मर्यादा आहेत हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवावंच लागतं. "गावात बदनामी होईल, मिटवून टाका" म्हणणारे भेटतात, तिथं कोर्स केलेल्या माणसाला गोड बोलून पण हे मिटवता येत नाही.

मग आम्ही पण करावा का, असं पुढं विचारतात. करा की, शिक्षकांनी तर नक्की करा, पण छोट्या कोर्सवर दारात मानसोपचाराची पाटी लावू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण वेगळं, त्यांना पुनर्वास परिषदेचं म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि गोळ्या फक्त डॉक्टरनी द्यायच्या. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, मरणाचं बोलणारं पोरगं आलं तर आपण धरून ठेवायचं नाही, घरच्यांना विश्वासात घेऊन सिव्हिलला पाठवायचं. रात्री-बेरात्री टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय आणि पुसणाऱ्याला ओरडते.