अंगणाची खोली

"ताई, लांबी झाली, रुंदी झाली. खोली किती?"

मिस्त्री फाटकाशी उभे राहून विचारत होते आणि मी चौकटीची वही हातात धरून त्यांच्याकडे बघत होते. "खोली नाही बांधायची हो, फक्त पुढचं अंगण नीट करायचंय," मी म्हटलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. चपलेच्या टोकाने जमिनीवर रेघ मारून म्हणाले, "इथून खाली किती जायचं, ते विचारतोय."

तीन आठवडे खपून मी जे बजेट केलं होतं, त्यात नेमकं हेच नव्हतं.

घर उपनगरातलं, बैठं. घरासमोर 30 बाय 20 फुटांची जागा, म्हणजे 600 चौरस फूट. राहायला येऊन दोन वर्षं झाली तरी तिथे बांधकामातून उरलेली कडक माती आणि गवताचे ठोंब, याशिवाय काही नव्हतं. माझा आराखडा सोपा होता. फाटकापासून दारापर्यंत 20 फूट लांब, 4 फूट रुंद वाट, म्हणजे 80 चौरस फूट. 200 फुटांत झाडांचे वाफे. उरलेल्या 320 मध्ये हिरवळ. दर जागेगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून रकमा सांगत बसत नाही. आम्ही खर्च करू शकत होतो ती सगळी रक्कम म्हणजे 100 वाटे असं धरा. पहिल्या हिशेबात झाडांना 35, वाटेला 25, हिरवळीला 20, दिव्यांना 10 आणि पुढच्या भिंतीला दगडी फरशी लावायला 10. बेरीज बरोबर 100. मला त्या बरोबर बेरजेचा अभिमानही वाटला होता. कुठल्याही कामाची बेरीज पहिल्याच फटक्यात अशी चपखल बसली की काहीतरी राहून गेलंय असं समजावं, हे तेव्हा कळत नव्हतं.

मिस्त्री गेल्यावर वहीत "खोली" असा नवा रकाना पाडला आणि वाटेपासून सुरुवात केली. ब्लॉकची जाडी अडीच इंच, त्याखाली रेती 1 इंच, त्याखाली ठोकून बसवलेली खडी आणि कच 5 इंच. म्हणजे खणायचं साडेआठ इंच. 80 चौरस फुटांना हे झालं सुमारे 57 घनफूट. पण खणलेली माती फुगते. जमिनीत दाबून बसलेली असते, ती मोकळी झाली की साधारण पाव हिश्शाने वाढते. म्हणजे उचलून न्यायची माती 70 घनफूट. खडीचं बरोबर उलटं. ठोकल्यावर ती खाली बसते, म्हणून 33 घनफूट जागा भरायला 40 घनफूट मागवावी लागते. वाट होती तेवढीच, 80 फूट. पण आता तिच्यात माती जाणार होती, खडी येणार होती, गाडीच्या खेपा होत्या आणि मजुरी होती. माझ्या 25 वाट्यांत फक्त ब्लॉक आणि ते बसवणं धरलं होतं.

वाफ्यांचंही तेच. 200 चौरस फुटांवर 3 इंच कुजलेलं खत पसरायचं तर 50 घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. त्यावर 3 इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, ते आणखी 50. चौरस फुटांत फार स्वस्त दिसणारं काम घनफुटांत मोजलं की खरं बोलायला लागतं.

मातीची परीक्षा मात्र फुकटची. मिस्त्रींनीच सांगितली होती. एक फूट खोल खड्डा करायचा, पाण्याने भरायचा, ते पाणी एकदा जिरू द्यायचं आणि मग पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. तासाला एखादा इंच उतरलं तर चिंता नाही, अर्ध्या इंचाच्या आत राहिलं तर निचऱ्याची सोय करावी लागते. मी संध्याकाळी खड्डा भरला. दुसऱ्यांदा भरायची वेळच आली नाही. सकाळी पहिलंच पाणी जवळजवळ तसंच होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. घर बांधताना जड गाड्या इथूनच ये-जा करत असणार. त्यांनी माती अशी दाबली होती की पाणी आत शिरायला फटच उरली नव्हती. याच मातीवर 35 वाट्यांची झाडं लावायला निघाले होते मी.

मग कोटेशनं आली. तीन. एक 90 वाट्यांचं, एक 140 चं, एक 165 चं. साहजिकच 90 वर जीव जडला. कागदावर एकच ओळ होती: वाट, हिरवळ व झाडे, सर्व मिळून. फोन करून विचारलं, "राडारोडा कोण उचलणार?" "तो तुमच्याकडे." "खडी किती इंच?" "दोन. तेवढी पुष्कळ झाली." "उतार?" "तो बघू की जागेवर." चिकणमातीवर दोन इंच खडीची वाट पहिल्या मोठ्या पावसात डुगडुगायला लागते, हे एव्हाना मला माहीत झालं होतं. 165 वाल्याने उलट न मागितलेलं बरंच घातलं होतं: महागाचे ब्लॉक, डोक्याएवढी वाढलेली झाडं, कडेला कोरीव दगड.

या सगळ्या खटाटोपात माझ्या हातून एकच शहाणपणाचं काम झालं. मी स्वतः एक पानभर यादी केली आणि तिघांनाही तीच पाठवली. किती चौरस फूट, किती इंच खोल, खडी ठोकल्यावर किती उरली पाहिजे, माती कोण उचलणार, उतार कुठून कुठे, पाण्याची लाइन कुठून. प्रत्येक ओळीपुढे दर लिहा म्हटलं. परत आले ते आकडे 128, 131 आणि 145. 90 वाला 128 झाला. त्याला फसवायचं होतं असं मला वाटत नाही. मीच अर्धवट विचारलं होतं, त्याने अर्धवट सांगितलं. मी 131 वाल्याला काम दिलं, कारण त्याने यादीतल्या दोन चुका दाखवल्या आणि शेवटचा दहावा हिस्सा पाणी सोडून उतार तपासल्यावर घेईन असं लिहून दिलं. दोन चुकांपैकी एक महत्त्वाची होती. भिंतीलगत खत आणि माती टाकत गेलं की जमिनीची पातळी चढते. ती जोत्यातल्या ओल अडवणाऱ्या थराच्या निदान 6 इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर ओल घरात येते. माझ्या हिशेबात ती त्या थराला टेकत होती.

आता 131 चे 100 करायचे होते, आणि तेही हाताशी काही राखून. जमिनीखालचं काहीच कापायचं नाही, हे आधी ठरवलं. पाच इंच खडीची तीन इंच केली की ती पुन्हा कधीच पाच होत नाही. झाड मात्र पुढच्या वर्षीही लावता येतं. भिंतीची दगडी फरशी पहिल्यांदा गेली, तिच्यासाठी कोणी रडलं नाही. दिवेही गेले. पण जाता जाता वाटेखालून दोन इंची रिकामा पाइप आडवा टाकून घेतला, दोन्ही तोंडांना टोप्या लावून. पुढेमागे वायर किंवा पाण्याची नळी न्यायची झाली तर वाट उखडायला नको. शंभरातला जेमतेम एक वाटा लागला त्याला.

झाडांच्या यादीत तर मी स्वतःलाच पकडलं. दर दीड फुटाला एक रोप असा माझा हिशेब होता. दीड गुणिले दीड, सव्वादोन चौरस फुटांना एक, म्हणजे 200 फुटांत 88 रोपं. चित्र मनात होतं ते पहिल्याच दिवशी गच्च भरलेल्या वाफ्याचं. पण त्यांतली बरीचशी झुडपं वाढून तीन फूट पसरणारी होती. अंतर तीन फूट केलं की एका झाडाला 9 चौरस फूट लागतात आणि 200 फुटांत 22 झाडं मावतात. अंतर दुप्पट, झाडं चौथा हिस्सा. तीसुद्धा लहान पिशवीतली घेतली. मोठं झाड बऱ्याचदा मुळं तोडून आणलेलं असतं, ते नव्या जागी बराच काळ रुसून बसतं. लहान रोप तेवढ्यात त्याला गाठतं.

हिरवळीने मात्र वाद घडवला. घरात सगळ्यांना मोठी हिरवळ हवी होती. मी पाण्याचा हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. 320 चौरस फूट म्हणजे सुमारे 30 चौरस मीटर. कोरड्या दिवसांत आठवड्याला 25 मिलिमीटर द्यायचं तर साडेसातशे लिटर, आणि कापणी वेगळी. "कोण कापणार?" या प्रश्नावर पसरलेल्या शांततेत हिरवळ 320 वरून 140 वर आली. उरलेल्या 180 फुटांत जमिनीवर पसरणाऱ्या वेली लावल्या, त्याही शेजारणीने छाटणीच्या वेळी दिलेल्या फांद्यांच्या.

शेवटी हिशेब असा झाला: वाट तिच्या पोटातल्या खडीसकट 32, खणणं, माती उचलणं आणि उतार 18, खत आणि आच्छादन 14, झाडं 14, पाण्याची ठिबक लाइन 9, हिरवळ 5, रिकामा पाइप 1. झाले 93. राहिलेले सात मी "अडीअडचण" म्हणून वेगळे ठेवले. लावणी आम्ही घरच्यांनीच करायची होती, तिचे पैसे यात नाहीत.

ते सात वाटे तिसऱ्या दिवशीच उघडावे लागले. नळाची लाइन मीटरपासून सरळ जाते, असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. कुठून आलं माझ्यात ते बळ, कोण जाणे. लाइन मध्येच वळत होती. पहार खाली गेली, ठक्क असा आवाज आला आणि क्षणभराने मातीतून पाणी वर आलं, आधी बोटभर, मग हातभर. मजूर पहार सोडून मागे सरला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुख्य कॉक कुठे आहे हे तरी मला माहीत होतं, पण तो कित्येक दिवसांत फिरवलेला नव्हता. दोघांनी पाना लावून फिरवला तोवर वाटेचा खड्डा अर्धा भरला. पाइप जोडणं, चिखल उपसणं आणि वाया गेलेला दिवस, यात साडेतीन वाटे गेले. आता कुणीही खणायला निघालं की मी आधी विचारते: पाण्याच्या, सांडपाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या लाइनी कुठून जातात ते संबंधितांकडून खुणा करून घेतलंत का? जिथे शंका असेल तिथे पहार नाही, हाताने खुरपायचं.

दुसरी अडचण फाटकाजवळ निघाली. फूटभर खाली सिमेंटचा चार इंच जाड थर. बांधकामाच्या वेळी माल कालवायची जागा असणार ती, वरून माती लोटून झाकलेली. फोडून नेण्याचे पैसे ऐकून मी गप्प झाले. मिस्त्री म्हणाले, "फोडायचे द्या, न्यायचे कशाला देता?" त्यांनी त्याचे पाय ठेवण्याजोगे तुकडे पाडले आणि सपाट बाजू वर करून वाफ्यांमध्ये बसवले. झाडांपर्यंत जायला त्याच पायऱ्या आज वापरतो. ओळखीचे लोक तो दगड कुठून आणला म्हणून विचारतात.

उताराची तपासणी मी स्वतः करायचं ठरवलं. वाटेला 100 ला 2 उतार, म्हणजे 20 फुटांत जवळजवळ पाच इंच, दाराकडून फाटकाकडे. लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, मोजलं तर फक्त तीन इंच भरला. मी तडक ठेकेदाराला बोलावलं, आवाजही चढला. मिस्त्रींनी नळी उजेडात धरली. आत मुगाएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. नळी टिचकी मारून मोकळी केली आणि पुन्हा मोजलं. पाणी पावणेपाच इंचांवर थांबलं. मी चहा ठेवते म्हणून आत निघून गेले.

पाणी सोडायची परीक्षा संध्याकाळी झाली. दाराशी नळी लावून अर्धा तास पाणी चालू ठेवलं आणि सगळे ओट्यावर बसून ते कुठे जातंय ते बघत राहिलो. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात ताटाएवढं डबकं साचलं. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून तेवढा कोपरा उचलून पुन्हा बसवून दिला. तो दहावा हिस्सा माझ्याकडे होता म्हणून आला, की एरवीही आला असता, हे मला सांगता येणार नाही.

अडीअडचणीतला एक वाटा उरला होता. तो पहिल्या वर्षीच्या देखभालीत गेला. तीन झाडं मेली, ठिबकच्या दोन नळ्या खुरप्याने कापल्या गेल्या (दोन्ही वेळा खुरपं माझंच) आणि आच्छादन बसून तीन इंचांचं दीड इंच झालं. दरवर्षी थोडं आच्छादन लागणार, हे मी बजेटात धरलंच नव्हतं. आता वहीत त्याचं स्वतंत्र पान आहे.

दिव्यांचा पाइप अजून रिकामाच आहे. परवा एका तोंडाची टोपी काढून पाहिली तर मुंग्यांनी आत माती भरायला सुरुवात केली होती. ती कोरून काढली, टोपी घट्ट बसवली आणि यंदाच्या पानावर दिव्यांपुढे 12 लिहिलं. मागच्या खेपेला 10 होते, पण तेव्हा वायर धरली नव्हती.