पुणे–पावस–मालवण–कोल्हापूर : उभ्या गाडीतला डॅशकॅम आणि बॅटरीचा हिशेब

मे महिन्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, महाड, चिपळूण करत पावसजवळच्या गावी, तिथून मालवण आणि परतीला फोंडा घाटातून कोल्हापूर असा फेरा झाला. या रस्त्यांबद्दल भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते डॅशकॅमच्या, म्हणजे गाडीच्या काचेवर बसवून रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याच्या विजेबद्दल, कारण निघण्यापूर्वी मला याच माहितीची गरज होती आणि ती एका जागी कुठेच मिळाली नाही. गाडी चालू असताना कॅमेऱ्याला वीज पुरवणं सोपं असतं. प्रश्न येतो गाडी उभी केल्यावर, आणि कोकणात गाडी चालते त्यापेक्षा उभीच जास्त असते.

आधी जोडणी. गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर वीज ३५ तास पुरेल एवढ्या साठ्याची). कॅमेरे दोन, पुढचा आणि मागचा. निघण्याआधी हार्डवायर किट, म्हणजे कॅमेऱ्याला गाडीच्या फ्यूज बॉक्समधून थेट वीज देणारी जोडणी, बसवून घेतलं. त्यात तीन वायर येतात. पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजवर, लाल चावी फिरवल्यावर वीज येते त्या फ्यूजवर आणि काळी गाडीच्या बॉडीला अर्थ म्हणून. फ्यूज बॉक्स आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ आहे. लालसाठी सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज निवडला, पिवळीसाठी आतल्या दिव्याचा. एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा कॉम्प्युटर यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. दुकानदार सर्रास म्हणतात, ‘दोन मिनिटांचं काम आहे, इथूनच वायर मारून देतो.’ त्यांना फ्यूज टॅप लावायला सांगा. जुना फ्यूज टॅपच्या एका खाचेत, कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज दुसऱ्या खाचेत आणि सगळं मिळून मूळ जागी. उद्या काढायचं ठरलं तर उपसून काढता येतं, मागे खूण राहत नाही. फक्त टॅप घेताना आपल्या गाडीत मिनी फ्यूज आहेत की लो-प्रोफाइल मिनी की मायक्रो, ते बघून घ्या; एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही. काचेच्या बाजूच्या खांबातून वायर खाली आणताना पडदा एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून न्यायची. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना आड येते.

ताम्हिणीत आणि पुढे महामार्गावर जिथे काम चाललेलं होतं तिथे हार्डवायरचा पहिला फायदा कळला. सोबतच्या दुसऱ्या गाडीत कॅमेरा सिगारेट लायटरच्या प्लगवर होता. रस्ता खराब लागला की प्लग हळूहळू बाहेर सरकायचा, कॅमेरा बंद व्हायचा, पुन्हा दाबला की चालू होईपर्यंत काही सेकंद जायचे. नेमके खड्ड्यांचे, वळणांचे, समोरून अंगावर येणाऱ्या टेम्पोचे क्षण त्यातच हरवतात. प्लगच वापरायचा असेल तर घट्ट बसणारा घ्या आणि तो फोन चार्जिंगसाठी कुणाला काढू देऊ नका. गाडीच्या साध्या यूएसबी पोर्टवर कॅमेरा लावणं मला पटत नाही. असे बरेच पोर्ट ०.५ अँपिअरच देतात आणि दोन कॅमेऱ्यांना ५ व्होल्टवर १ अँपिअरच्या आसपास, कधी जास्तही लागतो. वीज अपुरी पडली की कॅमेरा अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो आणि आपण उगाच मेमरी कार्डाला दोष देत बसतो. बाजारातली लांब, बारीक यूएसबी केबलही हाच त्रास देते, कारण तेवढ्या लांबीत व्होल्टेज पडतं. कॅमेऱ्यासोबत आलेलीच केबल वापरावी.

कशेडीच्या बोगद्यात शिरलं की जीपीएस जातो आणि चित्रावरचा वेगाचा आकडा थांबतो. ते वायरिंगचं लक्षण नव्हे, घाबरू नका.

पावसला पोचलो आणि खरा विषय सुरू झाला. गाडी दोन रात्री आंब्याच्या बागेत उभी राहणार होती. हिशेब असा मांडला. दोन्ही कॅमेरे मिळून साधारण ४ वॉट घेतात. १२ व्होल्टवर हे ०.३३ अँपिअर होतं, म्हणजे २४ तासांत ८ अँपिअर-अवर. गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म, लॉक वगैरे दिवसाला आणखी एखादा अँपिअर-अवर खातात. दोन दिवसांत १८ गेले, म्हणजे ३५ च्या बॅटरीतला अर्धा साठा संपला. तोही बॅटरी नवी असताना; तीन-चार वर्षं वापरलेल्या बॅटरीत मुळात ३५ उरलेलेच नसतात. सेल्फ मारताना क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर लागतात आणि अर्धी उतरलेली जुनी बॅटरी ते देताना कच खाते.

किटमध्ये यासाठीच कट-ऑफ असतो. बॅटरी ठरावीक व्होल्टेजपर्यंत उतरली की किट कॅमेरा तोडतं. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, तासन् तास उभी राहिल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, ११.८ म्हणजे संपल्यात जमा. बऱ्याच किटांवर ११.६ किंवा ११.८ चा पर्याय असतो आणि जास्त तास रेकॉर्डिंग मिळतं म्हणून लोक तोच निवडतात. माझं स्पष्ट मत आहे, पेट्रोल असो वा डिझेल, १२.२ च्या खाली जाऊ नका. जमत असेल तर १२.४ ठेवा. सेल्फ उचलेल की नाही एवढाच हा प्रश्न नाही. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार खोलवर उतरवली की प्लेटांवर सल्फेट साचून तिचं आयुष्यच घटतं.

पहिल्या रात्री मोशन डिटेक्शन, म्हणजे समोर काही हललं की रेकॉर्डिंग, चालू ठेवलं होतं. सकाळी कार्ड बघितलं तर फाइलींचा ढीग. वाऱ्याने हलणारी फांदी, तिची सावली, कोंबड्या, आणि मग टपावर धप्पकन पडलेला आंबा, ज्याची नोंद कॅमेऱ्याने ‘धक्का’ म्हणून वेगळी जपून ठेवली होती. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) बॅटरीला लावला तर १२.४. दुसऱ्या रात्री कॅमेरा सरळ बंद. घरच्या अंगणात, ओळखीच्या माणसांत त्याची गरजच नव्हती. प्रत्येक मुक्कामाला हा निर्णय वेगळा घ्यावा, एकच सेटिंग लावून पूर्ण प्रवास काढू नये. गावी मुक्काम दोन दिवसांहून मोठा असेल तर पिवळ्या वायरचा फ्यूजच काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवा.

मालवणच्या धक्क्यावर मात्र पार्किंग मोड, म्हणजे उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग, हवाच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी रांग, किल्ल्यात तास-दीड तास, परत यायला होडीची वाट, आणि तोवर गाड्या एकमेकींना चिकटून लागलेल्या. इथे मोशन निरुपयोगी, कारण समोरून माणसं सतत जातात. धक्का ओळखणारा सेन्सर मध्यम ठेवला आणि टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने एकेक चित्र घेणं) लावलं. तीन-चार तासांत एक-सव्वा अँपिअर-अवर जातो, त्याची काळजी नको. काळजी उन्हाची. बंद गाडीत काचेला चिकटलेला कॅमेरा मे महिन्यात हात लावू देत नाही. म्हणून कॅमेरा घेताना आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग) ते बघाच. आपल्या हवेत लिथियम फुगते, सुपरकपॅसिटर ऊन जास्त सोसतो. पॉवर बँकवर कॅमेरा लावून ती डॅशबोर्डवर सोडून जाण्याची युक्ती तर उन्हाळ्यात अजिबात करू नका, त्यात आगीचा धोका आहे.

किल्ल्यावरून परतलो तेव्हा शेजारच्या गाडीभोवती एक कुटुंब उभं होतं. चावी फिरवली की नुसती टकटक. पार्किंगवाल्याने बोनेटकडे न बघताच सांगितलं, ‘बॅटरी उतारली आसतली.’ त्यांचं सिगारेट सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहणारं निघालं. कॅमेरा त्यावर आदल्या संध्याकाळपासून चालू होता आणि मध्ये कट-ऑफ काहीच नव्हता. तुमचं सॉकेट कुठल्या प्रकारचं आहे हे आजच तपासा. चावी काढा, दार लावा, पाच-दहा मिनिटांनी बघा. जंपर केबल आमच्याकडे होत्या. लाल आधी त्यांच्या बॅटरीच्या प्लसला, मग आमच्या प्लसला. काळी आमच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक त्यांच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. आमची गाडी चालू ठेवून थोडा वेळ थांबलो आणि त्यांची गाडी चालू झाली. काढताना क्रम उलटा.

परतीला कसाल-कणकवलीच्या पट्ट्यातून फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी. रस्ता सुरेख, सकाळी लवकर धरा. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला बिंदू चौकाच्या वाहनतळावर गाडी लावली आणि मालवणचीच सेटिंग वापरली. मोठ्या पल्ल्यानंतर बॅटरी भरलेली असते, तेव्हा दोन-चार तासांचा पार्किंग मोड बिनधास्त चालवा.

गाडीत स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) किंवा माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या मोटरची जोड) असेल तर दोन गोष्टी बघा. काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला जोडू नका, कारण तिथे विजेची आवकजावक मोजणारा सेन्सर असतो आणि तो चकतो, बॉडीलाच द्या. दुसरं, अशा गाड्यांत चालू इंजिनालाही अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं) व्होल्टेज कधी १२.५-१२.६ वर येतं. केवळ व्होल्टेजवरून गाडी उभी आहे असं ठरवणारं किट तिथे फसतं, लाल वायर असलेलंच घ्या.

पुण्यात आल्यावर पार्किंग मोड पुन्हा बंद केला. घर ते ऑफिस पंधरा मिनिटं, तीही एसी आणि दिवे लावून. तेवढ्यात अल्टरनेटर रात्रभराचे गेलेले अँपिअर-अवर भरून देऊ शकत नाही आणि रोज थोडी थोडी तूट साचत जाते. सोसायटीत गाडी रस्त्यावर लावावी लागत असेल आणि रात्रभर रेकॉर्डिंग हवंच असेल तर डॅशकॅमसाठी मिळणारा लिथियम आयर्न फॉस्फेटचा वेगळा पॅक बघा. तो गाडी चालताना भरतो, गाडीची बॅटरी वेगळी राहते. महाग आहे, आणि तोही सीटखाली ठेवायचा, काचेजवळ नाही.