गड्डा, हुरडा आणि दादाचं खारं तळं

गड्ड्याचं साग्रसंगीत वर्णन वाचायला आला असाल तर आधीच सांगते, ते इथे नाहीये. संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, तिलाच गड्डा म्हणतात, सात नंदीध्वज निघतात, आणि अक्षता सोहळ्याला इतकी गर्दी होती की मला समोरच्या आजोबांचा फेटा सोडून काही दिसलं नाही. होम मैदानावर फिरलो, भजी खाल्ली, त्याहून जास्त धूळ खाल्ली, घरी आलो. झाली यात्रा. मला लिहायचंय ते त्या रात्रीबद्दल, कारण गड्ड्यापेक्षा ती जास्त डोक्यात राहिली.

मावशीकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि किती वाजता येईल ते फक्त नळालाच माहीत. रात्री अडीचला मावशीने दिवा लावला आणि "उठा गं, नळ आलाय!" अशी आरोळी ठोकली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठली. मी ठाण्याहून आलेली पाहुणी, पण पाहुणी-बिहुणी काही नाही, माझ्या हातात सरळ पाइप दिला. मोटार लागली, पिंपं, हंडे, बादल्या, मोठा कुकर, सगळं ओट्यावर हारीने. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीजवळ नोकरीला असतो, तो पण गड्ड्याला आलेला, आणि डोळे मिटून हंडे उचलत होता. काकांनी सहज विचारलं, "तिकडं किती दिवसाआड येतंय रे पाणी?"

दादा म्हणाला चोवीस तास. ते ठीक होतं, आम्हाला माहितीच होतं. पण मग तो म्हणाला की पुष्कळ घरांना अंगणातल्या गवतासाठी वेगळी लाइन असते, कालव्याच्या पाण्याची, आणि तिला कित्येक वर्षं मीटरच नव्हतं, वर्षाचे ठरलेले पैसे भरायचे आणि सोडा हवं तेवढं. आता कुठे २०३० पर्यंत मीटर बसवा असा कायदा झालाय.

मावशी हंडा खाली ठेवून म्हणाली, "गवताला?" बस, एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली ना, मला वाटतं दादाने तिथून पुढचं सगळं त्या एका शब्दाचा बचाव म्हणूनच सांगितलं. टाकी भरायला चार वाजणार होते, झोप तर गेलीच होती, मग चहा झाला आणि ओट्यावरच बैठक बसली.

तर दादाच्या शहराजवळचं ते ग्रेट सॉल्ट लेक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं तळं. बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन मुख्य नद्या त्यात येतात आणि बाहेर एकही जात नाही. आलेलं पाणी उन्हाने उडतं आणि मीठ मागे राहतं, असं हजारो वर्षं चाललंय. तळं अफाट पण उथळ, परातीतल्या पाण्यासारखं, पातळी थोडी उतरली तरी काठ कुठल्या कुठे मागे सरकतो. १९८६-८७ मध्ये ते इतकं भरलं होतं की हायवे आणि रेल्वेलाच धोका झाला, तेव्हा सरकारने सहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून तीन अवाढव्य पंप बसवले आणि तळ्याचं पाणी उचलून पश्चिमेच्या वाळवंटात फेकलं! पंप दोनेक वर्षं चालले. तेव्हा तळं साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पातळी त्याहून २३ फूट खाली, आजवरची सगळ्यात कमी, पसारा अडीच हजारांच्याही आत. त्या वर्षी बंदरातल्या शिडाच्या होड्या क्रेनने उचलून काठावर ठेवाव्या लागल्या होत्या.

काका ऐकत होते पण पटलेलं दिसत नव्हतं. "खारं पाणी. प्यायला येत नाही, शेताला येत नाही. आटलं तर आटलं की, तुम्हाला काय करायचंय?"

मला हा प्रश्न एकदम योग्य वाटला, मी विचारणारच होते. दादा म्हणाला, आटलेल्या तळाची धूळ उडते आणि तिच्यात आर्सेनिक आहे, आणि वारा सुटला की ती सरळ शहरावर येते. दुसरं म्हणजे पक्षी, वर्षभरात एक कोटीच्या आसपास पक्षी तिथं उतरतात. त्या पाण्यात मासे जगत नाहीत, नखाएवढी खारी कोळंबी आणि एक प्रकारच्या माश्या जगतात, त्यांच्यावर हे सगळे पक्षी. पाणी कमी झालं की खारटपणा वाढतो, मग कोळंबीलाही झेपत नाही. समुद्र साडेतीन टक्के खारा असतो, हे तळं २०२२ मध्ये दक्षिणेच्या भागात एकोणीस टक्क्यांच्या घरात गेलं होतं.

"पाऊस कमी झालाय का तिकडं?"

"दुष्काळ होता, पण मुख्य ते नाही. नद्या तळ्यापर्यंत पोचायच्या आधीच त्यांचं बरंचसं पाणी माणसं उचलतात. शेती, मग गावं, कारखाने. उरलं तर तळ्याला."

यावर काका जे बोलले ते मी लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. "म्हणजे वरच्यांनी उपसायचं आणि शेपटाला असणाऱ्यानं बोंबलायचं. आमच्या औजसारखंच की." सोलापूरला प्यायला म्हणून उजनी धरणातून भीमेच्या पात्रात पाणी सोडतात, ते खाली औज बंधाऱ्यापर्यंत येईस्तोवर वाटेत किती मोटारी बसलेल्या असतात हे जिल्ह्यात सगळ्यांना माहितीये. ११७ टीएमसीचं धरण डोक्यावर आणि आम्ही रात्री अडीचला कुकर भरतोय. ठाण्यात चोवीस तास पाणी येणाऱ्या माणसाने यावर काही बोलू नये, मी चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव बघायला गेलो, इंग्रजांच्या काळातला, दीडशे वर्षांचा. थंडीत पक्षी येतात म्हणून गेलो होतो, पण आमच्या आधी एक ग्रुप स्पीकर घेऊन आलेला, त्यामुळे पक्षी पार पलीकडच्या काठाला, ठिपके दिसले. असल्या लोकांना गाणी ऐकायला घरं नसतात का? असो. बांधावर उभं राहून दादा म्हणाला, आमच्याकडे पण असाच एक भराव आहे, रेल्वेचा, तळ्याच्या मधोमध, त्याने तळ्याचे दोन तुकडे झालेत आणि उत्तरेचा तुकडा इतका खारा की पाणी गुलाबी दिसतं. त्या भरावात एक खिंडार ठेवलंय, २०२२-२३ मध्ये त्याच्या तळाशी दगड टाकून उंची वाढवली, उत्तरेचं मीठ दक्षिणेला येऊ नये आणि कोळंबी वाचावी म्हणून. काका म्हणाले, बंधाराच घातला म्हणा की. त्यांना ही गोष्ट सगळ्यात आवडली. नंतर २०२३ मध्ये बर्फ भरपूर पडला आणि तळं थोडं वर आलं, पण दादाच्या मते ते नशीब होतं, उपाय नव्हे.

खरी मजा हुरड्याला आली. मोहोळच्या बाजूला काकांची शेती आहे. शेणीच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसं, शेंगा चटणी, दही, गूळ. हुरड्याला हॉटेलच्या जेवणाचे पैसे घेणाऱ्या त्या ऍग्रो टुरिझमवाल्यांकडे जाऊ नका, कुणाचं तरी शेत शोधा, ओळख काढा, काहीही करा. तर खाता खाता काकांनी विचारलं, एवढं पाणी पिणारं पीक तरी कोणतं लावतात?

"अल्फाल्फा. आपला लसूणघास. गुरांना."

"घासाला?" काका इतके हसले की ठसका लागला. "अख्खं तळं घासावर घालवलं?"

दादा काही बोलला नाही, नुसता मागे बघितला. मागे काकांचा ऊस होता. आम्ही खात होतो ती ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर आलेली, आणि तिच्या बांधाला लागून हिरवागार, कालव्याचं पाणी पिऊन डोक्याच्या वर गेलेला ऊस. पावसाच्या नावाने बोंब असलेला आमचा जिल्हा राज्यात साखर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. मावशीने दह्याचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं.

काका चिडले. म्हणाले, उसाला कारखाना येऊन तोडून नेतो, पैसे लेट का होईना येतात, ज्वारीला कोण विचारतंय, आणि पाखरं हाकायला माणूस तू पाठवणार का अमेरिकेतून? मला विचाराल तर काकांचं काहीच चुकत नव्हतं, आणि दादाचंही नव्हतं, त्यामुळे ते भांडण फारच वाईट चाललं होतं.

मग दादाने सांगितलं की तिकडेही हेच होतं. वर्षानुवर्षं नियम असा की हक्काचं पाणी वापरलं नाही तर हक्क जातो, मग गरज नसली तरी शेतकरी वापरणारच ना. २०२२ मध्ये कायदा बदलला, आता शेतकरी आपलं पाणी काही काळासाठी तळ्याला देऊ शकतो, हक्क त्याचाच राहतो. आणि त्याच वर्षी सरकारने चार कोटी डॉलरचा एक ट्रस्ट काढला, शेतकऱ्यांकडून असं पाणी भाड्याने घेणं हे त्याच्या कामांपैकी एक.

काकांचा हात कणसावरच थांबला. "भाडं देतात? पाणी न वापरायचं?"

"हो."

"एकरी किती?"

दादाला आकडा माहीत नव्हता.

"मग गेल्यावर विचार कुणाला तरी," काका म्हणाले आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं, "आणि व्हॉट्सॲप कर मला."