एकादशीची भरती

नाशकात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याला समुद्राचं वेड कुठून लागलं, असं गिऱ्हाइकं विचारतात. वडिलांच्या स्टुडिओत मागे समुद्राचा पडदा होता. रंगवलेला. वर चंद्र, खाली लाटा, मधोमध शिडाची होडी. शाळा सुटली की मी त्या पडद्यामागे दप्तर टाकायचो. खरा समुद्र पाहिला तो दहावीनंतर, डहाणूला. पहिला विचार काय आला, तर अरे, हा हलतोय!

तेव्हापासून तीसेक वर्षं, सवड झाली की त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत किनारा गाठतो. आमची गोदा त्र्यंबकला उगम पावते आणि अरबी समुद्र एवढा जवळ सोडून पार बंगालच्या उपसागराला जाते. मला एवढा धीर नाही.

गेल्या थंडीत सिन्नरकडच्या एक मावशी आल्या. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कृष्णधवल फोटो काढला. लग्नानंतरचा. त्या उभ्या, नवरा खुर्चीवर, आणि मागे आमचाच पडदा! त्याची वळीसुद्धा दिसत होती.

"लग्नाला पन्नास वर्षं झाली. नातवंडं हसतात, म्हणतात आजी, पडदा दिसतोय. तुम्ही खरा समुद्र टाकून द्या, दादा."

म्हटलं, हातचा मळ! हार्ड डिस्कवर हजारो समुद्र पडलेत. रात्री बसलो निवडायला आणि घाम फुटला. एकही बसेना. फोटोत उजेड समोरून, वडिलांच्या दोन दिव्यांचा. माझे समुद्र सगळे मावळतीचे. आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो, म्हणजे पुढे उभ्या माणसाचा चेहरा काळा पडायला हवा. मावशींचा चेहरा तर लख्ख उजळलेला. दुकान दुपारी बंद करून निघायचं, पोचेपर्यंत सूर्य कलायचा. तीस वर्षांत मी सकाळचा समुद्र काढलाच नव्हता!

आता हवी सकाळ, सूर्य पाठीशी, आणि पाणी जवळ, कारण पडद्यावर लाटा पायापर्यंत आहेत. डहाणूला ओहोटीला गेलात तर समोर नुसता ओला पट्टा, पाणी कुठेतरी लांब. भरतीचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. मोबाईलवर पडताळलं, दहा-पंधरा मिनिटांचा फरक. एकादशी चार दिवसांवर होती.

पहाटे साडेतीनला निघालो. जव्हारच्या घाटात धुकं, गाडी दुसऱ्या गिअरवर. साडेसातला वाळूवर होतो. एक गंमत तिथे कळली. संध्याकाळी खारे वारे तोंडावर येतात, दर दहा मिनिटांनी लेन्सवर मीठ बसतं. ते कोरड्या फडक्याने पुसलं तर काच खरवडते, म्हणून आधी ओलं फडकं. त्या सकाळी वारा मागून, जमिनीकडून येत होता. लेन्स शेवटपर्यंत कोरडी. कॅमेरा वडिलांच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर, छातीपाशी धरला, नाहीतर क्षितिज मावशींच्या डोक्यावरून गेलं असतं. पाणी मातकट. फोटो कृष्णधवल म्हणून निभावलं.

केसांच्या कडा कापायला दोन रात्री गेल्या. मावशी न्यायला आल्या तेव्हा सोबत काकाही होते. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"होडी कुठंय?"

"काका, हा खरा समुद्र आहे. त्या दिवशी होडी नव्हती."

"मंग ह्यो आपला न्हाई." मी मोबाईलवर मूळ रंगीत फोटो दाखवला, तर म्हणाले, "ह्ये तर गोदेतल्या दुतोंड्या मारुतीला पूर लागल्यावानी पाणी!"

मावशी हसू दाबत होत्या. "ह्यांनी तवा सांगितलं होतं, होडीत बसवीन म्हणून."

मग काय, जुना फोटो पुन्हा स्कॅनरवर ठेवला आणि पडद्यावरची होडी उचलून डहाणूच्या पाण्यात सोडली. तिचं शीड एका बाजूला फुगलंय आणि निशाण उलट्या बाजूला फडकतंय; रंगाऱ्याने समुद्र बहुधा पाहिलाच नव्हता. सरळ करायला पाच मिनिटं लागली असती. तसंच ठेवलं.