गेन कितीवर ठेवू?

अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) बसवून झाला की हा प्रश्न ठरलेला. गेन म्हणजे अ‍ॅम्पला स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवून घेणारा नॉब. सोबत डिकीत टॉर्च मारून काढलेला नॉबचा फोटो. ठाण्यात गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमची कामं करतो म्हटल्यावर लोक विचारणारच. पण फोटो बघून गेन सांगता येत नाही. तुमच्या स्टिरिओच्या आरसीएमधून, म्हणजे मागच्या सिग्नलच्या सॉकेटमधून, 2 व्होल्ट येतात की 4, यावर तो ठरतो. नॉबवरचे 6 व्होल्ट ते 0.2 व्होल्ट हे आकडे त्याचसाठी. स्टिरिओ जितका कमी व्होल्ट देणार, तितका नॉब 0.2 च्या बाजूला. आवाज वाढवायची ती जागा नाही.

मी असं करतो. स्पीकरच्या वायरी काढून ठेवतो, इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य, गेन पूर्ण खाली. स्टिरिओचा आवाज 40 पैकी 30 वर. मग टेस्ट टोन, म्हणजे एकाच सुराचा आवाज: स्पीकरसाठी 1000 हर्ट्झ, वूफरसाठी 50. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा आणि गेन हळूहळू वाढवायचा. किती व्होल्टपर्यंत? वॅटला ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. 100 वॅट, 4 ओहम, म्हणजे 20 व्होल्ट. तिथे थांबायचं. वॅट मात्र आरएमएसचे, म्हणजे सतत देता-झेलता येणारे, घ्या, आणि अ‍ॅम्प व स्पीकर यांच्यात ज्याचे कमी त्याचे. खोक्यावरचे ‘3000 वॅट’ खोक्यावरच राहू द्या.

मीटरला एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे क्लिपिंग. अ‍ॅम्पची ताकद संपली की लहरीचा माथा सपाट होतो. ते बघायला ऑसिलोस्कोपच लागतो. पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या साध्या लहरीच्या दुप्पट वॅट स्पीकरच्या कॉइलमध्ये ढकलते. ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) फाटलेला लगेच ऐकू येतो. वूफरचं तसं नाही, त्याचा आधी जळका वास येतो. म्हणून बेस बूस्टवर माझा राग आहे. 12 डेसिबल वाढवले की त्या फ्रिक्वेन्सीला साधारण 16 पट वॅट लागतात. ते आणणार कुठून?

घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांची तक्रार वेगळी. कोंडीत गाणं थांबवलं की स्पीकरमधून बारीक चींऽऽ, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा आवाज. गेन कमी केला की तो दबतो, जात नाही. आधी अर्थिंग, म्हणजे अ‍ॅम्पची गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली वायर, तपासा. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केलेला नसतो, असं मी फार वेळा पाहतो.

डॅशबोर्डजवळ बेसचा वेगळा नॉब असेल, तर गेन लावताना तो पूर्ण वर ठेवा. नाहीतर इथे मोजूनमापून लावायचं आणि पुढच्या सिग्नलला मुलगा तो नॉब फिरवून मोकळा.